रामन यांना काय वाटलं आणि त्यांनी काय दाखवलं: अंतःप्रेरणा, कल्पनाशक्ती आणि पुरावा

प्रकाशवेडा (धागाकर्ता)

दर वर्षी २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून विज्ञान दिन होतो आणि सी. व्ही. रामन यांची तीच गोष्ट सांगितली जाते. बोटीवरून निळा समुद्र पाहिला, मनात प्रश्न आला, संशोधन केलं, नोबेल मिळालं. मुलांच्या मनात यातून असं बसतं की मोठ्या माणसांना काहीतरी सुचतं आणि पुढचं सगळं आपसूक होतं. दुसऱ्या बाजूला, विज्ञान म्हणजे फक्त पुरावा, कल्पनाबिल्पना कवींनी कराव्यात, असं ठासून सांगणारेही खूप भेटतात. मला दोन्ही पटत नाही. का, ते रामन यांच्याच कामावरून सांगतो.

१९२१ साली रामन ऑक्सफर्डच्या परिषदेहून ‘नारकुंडा’ बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांनी पाहिला. तेव्हा लॉर्ड रॅले यांचं मत प्रमाण मानलं जाई: खोल समुद्राचा निळा रंग पाण्याचा नाहीच, ते आकाशाचं प्रतिबिंब आहे. रॅले म्हणजे आकाश निळं का दिसतं हे ज्यांनी सांगितलं ते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. रामन यांना ते पटेना. इथवर नुसतं वाटणं झालं. पण त्यांच्याजवळ एक निकोल प्रिझम होतं, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारा स्फटिक. पाण्याच्या पृष्ठभागावरून एका ठरावीक कोनात परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवीभूत असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात, आणि निकोल योग्य बाजूला फिरवलं की तो अडतो. म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब तेवढं पुसून टाकून खालचं पाणी पाहता येतं. रॅले बरोबर असते तर निळा रंग जायला हवा होता. तो गेला नाही, उलट जास्त खुलला. या विषयावरच्या ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या पत्रावर पत्ता आहे तो थेट ‘एस. एस. नारकुंडा, मुंबई बंदर’.

यात कल्पनाशक्ती नेमकी कुठे आहे? ‘पाणी स्वतःच प्रकाश विखुरत असेल’ या विचारात आहेच. पण माझ्या मते त्याहून मोठी कल्पना ‘प्रतिबिंब पुसून पाहू’ ही आहे. समुद्राचा रंग लाखो लोकांनी पाहिला होता. दोन उत्तरांपैकी एकालाच जगू देईल अशी जागा शोधायला मात्र कल्पनाच लागते.

१९२८चा प्रयोगही याच जातीचा. कलकत्त्याच्या बऊबाजारातली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सची प्रयोगशाळा. रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन. सूर्यप्रकाश दुर्बिणीच्या भिंगातून एकवटून द्रवाच्या कुपीवर टाकायचा. वाटेत निळा-जांभळा फिल्टर, म्हणजे द्रवात फक्त निळा-जांभळा प्रकाश शिरणार. आता दुसरा, बरोबर उलट्या रंगाचा फिल्टर घ्यायचा, निळं-जांभळं अडवून पिवळं-हिरवं सोडणारा. दोन्ही फिल्टर वाटेत एकामागोमाग ठेवले तर पूर्ण अंधार. मग हा दुसरा फिल्टर तिथून काढून डोळ्यापुढे धरायचा. द्रवाने रंग न बदलता प्रकाश विखुरला असेल तर तरीही अंधारच दिसायला हवा. पण मंद उजेड दिसत राहिला. द्रवाच्या आत कुठेतरी प्रकाशाचा रंगच बदलत होता. यालाच आपण रामन परिणाम म्हणतो.

एका द्रवात दिसलं म्हणून ते थांबले नाहीत. साधारण साठ वेगवेगळे द्रव तपासले, सगळ्यांत कमीअधिक प्रमाणात तेच दिसलं. मग प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या वर्णपटदर्शकातून पाहिलं, पाऱ्याच्या दिव्याच्या रेषा (म्हणजे त्याचे मोजके ठरावीक रंग) वापरल्या, छायापट्ट्यांवर (फोटोच्या काचांवर) नोंदी घेतल्या.

माझं म्हणणं एवढंच: सुचलेली गोष्ट खरी आहे की खोटी हे ‘आतून किती खात्री वाटते’ यावरून अजिबात कळत नाही. आणि पुरावा हा काही रस्त्यात पडलेला सापडत नाही, तो उभा करावा लागतो. तो उभा करण्यात जी कल्पनाशक्ती लागते तिच्याबद्दल आपण मुलांशी फारच कमी बोलतो. तुम्हाला काय वाटतं?

दर्यावर्दी

उत्तम धागा. मी व्यापारी जहाजावर आहे, मूळचा देवगडचा. समुद्राच्या रंगाबद्दल मला थोडं अडतंय. आमच्या किनाऱ्यालगत पावसाळ्यात पाणी गढूळ, दिवाळीनंतर हिरवट. बाहेर खोल पाण्यात गेलं की शाईसारखं निळं. इथपर्यंत रामन बरोबर. पण आभाळ भरून आलं की तेच खोल पाणी शिशासारखं करडं होतं, हे मी कित्येकदा पाहिलंय. पाणी स्वतः निळं असेल तर ढग आल्यावर निळेपणा जातो कुठे? रॅलेसाहेब मग पूर्ण चुकीचे कसे?

रसायनगंध

दर्यावर्दी, प्रश्न अगदी बरोबर आहे. तिरक्या नजरेने दूरवर पाहाल तेव्हा पृष्ठभागावरचं प्रतिबिंबच जास्त असतं. ढगाळ दिवशी ते करडं, स्वच्छ दिवशी निळं. शिवाय ढगाळ दिवशी पाण्यात शिरणारा उजेडही कमी, म्हणून आतून परत येणारा निळाही कमी. रामन यांनी दाखवलं ते एवढंच की प्रतिबिंब काढून टाकलं तरी निळा रंग उरतो, म्हणजे प्रतिबिंब हे एकमेव कारण असू शकत नाही.

पण पुढची गोष्टही सांगायला हवी. पाणी निळं दिसण्यामागे शोषणाचा वाटा मोठा आहे. पाण्याचे रेणू तांबडा प्रकाश थोडा थोडा शोषतात. ग्लासात ते कळत नाही, काही मीटर खोलीत कळतं. याचा सुंदर पडताळा जड पाण्यात मिळतो. त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतो, अणू जड झाल्यामुळे कंपनं मंदावतात आणि ते शोषण डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात सरकतं. म्हणून लांबलचक नळीत भरलेलं साधं पाणी निळसर दिसतं आणि तेवढंच जड पाणी रंगहीन. तांबडा शोषला जातो, उरलेला विखुरून वर परत येतो, दोन्ही मिळून समुद्राचा निळा होतो.

म्हणजे रामन यांच्या प्रयोगाने एक उत्तर बाद केलं. दुसरं उत्तर पूर्ण सिद्ध झालं असं नाही. हा फरक विज्ञान दिनाच्या भाषणात पुसला जातो आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

मुद्देसूद

लेख आवडला, पण अंतःप्रेरणेचं श्रेय जास्त होतंय असं माझं स्पष्ट मत आहे. १९२३ मध्येच रामन यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन यांना पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात बदललेला रंग दिसला होता. त्यांनी त्याला दुर्बल फ्लुओरेसन्स म्हटलं. पुढे रामन यांचे सहकारी वेंकटेश्वरन यांना अतिशुद्ध ग्लिसरिनमधून निळ्याऐवजी हिरवट प्रकाश दिसला, तोही चांगलाच ध्रुवीभूत. म्हणजे विदा (डेटा) आधीपासून समोर होती. वर्षानुवर्षं चिकाटीने मोजमाप करणाऱ्यांचं काम आणि गौरव मात्र ‘सुचण्या’चा, असं होऊ नये. अंतःप्रेरणा म्हणजे साचलेला अनुभव, त्यात गूढ काही नाही.

प्रकाशवेडा

मुद्देसूद, रामनाथन यांचं नाव आणलंत हे फार चांगलं झालं. लेखात ते यायलाच हवं असं आहे. पण त्यांचीच गोष्ट माझ्या बाजूने बोलते असं मला वाटतं.

१९२३ मध्ये दिसलेला तो मंद उजेड अशुद्धीमुळे असेल अशी शंका होती. फ्लुओरेसन्समध्ये पदार्थ एका रंगाचा प्रकाश गिळून दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतो आणि त्याला किंचितशी अशुद्धी पुरते. म्हणून द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला. उजेड गेला नाही. तरी जवळपास पाच वर्षं त्या निरीक्षणाचं नाव ‘दुर्बल फ्लुओरेसन्स’च राहिलं. विदा समोर होती हे खरं, पण ती कशाचा पुरावा आहे हे ती स्वतः सांगत नव्हती.

मधल्या काळात अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ कॉम्प्टन यांचा परिणाम आला. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरतात तेव्हा त्यांची तरंगलांबी वाढते, हे १९२३चं काम, त्याला १९२७चं नोबेल. क्ष-किरणांत होतं तर दृश्य प्रकाशात का नाही, हा विचार रामन यांना पुढे ढकलत होता. आता गंमत बघा. ही तुलना तपशिलात चुकीची निघाली. कॉम्प्टन परिणामात तरंगलांबीतला बदल कोनावर ठरतो, पदार्थ कोणता याने फरक पडत नाही. रामन परिणामात वारंवारितेतला फरक पदार्थावर ठरतो, कोनाने बदलत नाही. आकडेही बघा: मागच्या मागे उलट विखुरला तरी कॉम्प्टनचा बदल जास्तीत जास्त ०.००५ नॅनोमीटर. बेंझिनमध्ये पाऱ्याची ४३५.८ नॅनोमीटरची रेषा ४५५.५ पर्यंत सरकते, जवळजवळ २० नॅनोमीटर. हजारो पटींचा फरक.

मला यातली भावलेली गोष्ट ही की रामन या तुलनेला चिकटून बसले नाहीत. जे दिसलं ते रेणूंच्या कंपनांशी जोडलं. तुलनेने दार दाखवलं आणि आत काय आहे ते मोजमापाने ठरवलं.

रसायनगंध

बेंझिनचा विषय निघाला म्हणून फ्लुओरेसन्सचा निकाल कसा लागला तेही लिहिते. मी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कच्चा माल तपासते, रोज याच परिणामावर चालणारं यंत्र वापरते.

पाऱ्याच्या दिव्याच्या दोन रेषा घ्या, ४०४.७ आणि ४३५.८ नॅनोमीटर. बेंझिनमध्ये पहिलीची नवी रेषा साधारण ४२१.६ ला मिळते, दुसरीची ४५५.५ ला. फ्लुओरेसन्स असता तर चमक पदार्थाच्या आपल्या ठरलेल्या जागी आली असती, आत येणारा रंग बदलला तरी तिथेच. इथे आत येणारी रेषा सरकली की नवी रेषाही तिच्याबरोबर सरकते. आणि नॅनोमीटर सोडून वारंवारितेच्या मापात मोजलं तर दोन्हीतलं अंतर तेच येतं, दर सेंटिमीटरला सुमारे ९९२ तरंग. तो बेंझिनच्या कड्याच्या श्वासासारख्या आकुंचन-प्रसरणाचा आकडा आहे. दिवा कुठलाही लावा, बेंझिन आपली तीच ओळख सांगतं.

शिवाय हा प्रकाश ध्रुवीभूत होता, साध्या विखुरलेल्या प्रकाशासारखा. साध्या द्रवातल्या फ्लुओरेसन्सकडून इतकं ध्रुवीकरण अपेक्षित नसतं. रामन-कृष्णन यांनी पहिल्याच पत्रात हा मुद्दा मांडला होता.

आजही आमच्या यंत्राचा सगळ्यात मोठा शत्रू फ्लुओरेसन्सच आहे. नमुना थोडा जरी चमकला तर सगळ्या रेषा त्या उजेडात बुडतात. म्हणून आम्ही बऱ्याचदा निळा-हिरवा लेझर सोडून ७८५ नॅनोमीटरचा वापरतो. रामन रेषा आधीच इतक्या मंद, की विखुरलेल्या कोटीभर प्रकाशकणांत एखाददुसरा रंग बदलतो. त्यांनी तो डोळ्याने पाहिला. प्रयोगशाळेत एखादा फिकट आलेख आला की मला त्या कुपीसमोर अंधारात बसलेल्या दोघांची आठवण होते.

भौतिक_मास्तर

‘डोळ्याने पाहिला’ यावरून लिहावंसं वाटतं. अंधाऱ्या खोलीत मंद उजेड दिसल्याचा दावा त्याआधीही झाला होता आणि तो साफ चुकीचा होता.

१९०३ मध्ये फ्रान्सच्या नान्सी शहरात ब्लाँद्लो या नावाजलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एन-किरण’ सापडल्याचं जाहीर केलं. हे किरण पडले की बारीक ठिणगीचा उजेड किंचित वाढतो असं त्यांना दिसे. इतरांनाही दिसू लागलं, निबंधांवर निबंध आले. १९०४ मध्ये अमेरिकेचे आर. डब्ल्यू. वुड तिथे गेले. ब्लाँद्लो अॅल्युमिनियमच्या प्रिझममधून एन-किरणांचा वर्णपट दाखवत होते. अंधारात वुड यांनी तो प्रिझम हळूच काढून घेतला. वाचन चालूच राहिलं, आकडे तेच! ‘नेचर’मध्ये वुड यांचं पत्र आलं आणि फ्रान्सबाहेर तरी एन-किरणांचा विषय संपला.

ब्लाँद्लो लबाड नव्हते. त्यांना खरंच दिसत होतं. रामन यांनाही खरंच दिसत होतं. आतून दोघांचा अनुभव सारखाच असणार. फरक मांडणीत आहे. ब्लाँद्लोंच्या मांडणीत ‘उजेड किंचित वाढला का’ असा प्रश्न होता आणि उत्तर ओळखणाऱ्याच्याच डोळ्यावर सोडलेलं होतं. रामन यांच्या मांडणीत प्रश्न होता ‘पूर्ण अंधार की उजेड’, आणि त्यानंतर वर्णपटदर्शक, छायापट्टी, साठ द्रव. कुणीही उठून पडताळून पाहावं.

आणि पडताळणाऱ्यांत कोण होतं? तेच वुड. १९२८ मध्ये त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत रामन परिणाम करून पाहिला, ‘नेचर’ला तारेने कळवलं आणि पुंजसिद्धांताच्या (क्वांटम थिअरीच्या) सर्वात पटणाऱ्या पुराव्यांपैकी हा एक आहे अशी दाद दिली. एन-किरणांचा फुगा फोडणाऱ्या माणसाची ही दाद मला अनेक पुरस्कारांहून मोठी वाटते. अकरावीच्या वर्गात मी हे दोन्ही प्रसंग एकत्र सांगतो.

शेषांक

सगळे रामन यांच्या विजयाबद्दल लिहीत आहेत, तर दुसरी बाजूही येऊ द्या. ती झाकली तर धाग्याचा मुद्दाच अर्धा राहील.

१९४०च्या दशकात रामन यांचा भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांच्याशी मोठा वाद झाला. स्फटिकातले अणू कसे कंप पावतात हा विषय. बॉर्न आणि फॉन कारमान यांच्या १९१२पासूनच्या सिद्धांतानुसार स्फटिकातल्या कंपनांच्या वारंवारिता जवळजवळ सलग पट्ट्यात पसरलेल्या असतात. रामन यांना हे अजिबात पटत नव्हतं. त्या सिद्धांतात गणित सोपं व्हावं म्हणून स्फटिकाच्या कडांबद्दल एक गृहीतक आहे, ते त्यांना खोटं आणि कृत्रिम वाटे. त्यांचं म्हणणं, स्फटिकात मोजक्या, ठरावीक वारंवारिताच असतात. आणि त्यांच्याकडे पुरावाही होता! बंगलोरला आर. एस. कृष्णन यांनी हिऱ्याचा वर्णपट दीर्घ काळ प्रकाश देऊन टिपला. त्यात दर सेंटिमीटरला १३३२ तरंगांच्या ठळक रेषेखेरीज अंधूक भागात स्पष्ट टोकं (आलेखातली शिखरं) दिसली. सलग पट्टा असेल तर टोकं कशी, असा रामन यांचा सवाल.

उत्तर असं निघालं की सलग पट्ट्यातही काही ठिकाणी कंपनांची गर्दी होते आणि तिथे आलेखात टोकं दिसतात. बॉर्न यांच्या विद्यार्थिनी हेलन स्मिथ यांनी १९४८ मध्ये सलग सिद्धांतातूनच हिऱ्याचा तो वर्णपट समजावून दिला. १९५३ मध्ये व्हान होव्ह यांनी अशी टोकं गणिताने अटळच असतात हे दाखवलं. पुढे न्यूट्रॉन विखुरून कंपनं थेट मोजता येऊ लागली आणि निकाल बॉर्न यांच्या बाजूने लागला. रामन यांनी मात्र माघार घेतली नाही.

हे सांगण्यात रामन यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. माणूस तोच, डोळा तोच, अंतःप्रेरणाही त्याच दर्जाची. मग १९२८ मध्ये काय होतं आणि १९४०च्या दशकात काय नव्हतं?

प्रकाशवेडा

शेषांक, तुमच्या प्रश्नासाठीच हा धागा काढला असं म्हटलं तरी चालेल.

माझ्या समजुतीप्रमाणे, १९२८ मध्ये रामन आपल्या विरोधी शक्यतेला पूर्ण संधी देत होते. अशुद्धी असेल? शुद्ध करून बघू. फ्लुओरेसन्स असेल? ध्रुवीकरण बघू. एकाच द्रवाचं वैशिष्ट्य असेल? साठ बघू. हिऱ्याच्या वेळी टोकं दिसली आणि ती आपल्याच बाजूची आहेत असं धरलं गेलं. ‘बॉर्न बरोबर असतील तर हाच वर्णपट कसा दिसेल?’ हे गणित त्यांच्या बाजूने कुणी केलं नाही, ते हेलन स्मिथ यांनी केलं. दोन्ही सिद्धांतांतून टोकं निघत असतील तर टोकं ही दोघांपैकी कुणाचाच पुरावा राहत नाही.

समोरच्याचं म्हणणं खरं मानून ‘मग जग कसं दिसेल’ हे डोळ्यासमोर आणणं, हीसुद्धा कल्पनाशक्तीच आहे, आणि आपल्या आवडत्या कल्पनेच्या बाबतीत तीच सगळ्यात अवघड जाते. बोटीवर रामन यांनी रॅले यांच्या बाबतीत नेमकं हेच केलं होतं.

मुद्देसूद

हे पटलं. तरी ‘साचलेला अनुभव’ हा माझा मुद्दा मी सोडत नाही. सात वर्षं विखुरलेला प्रकाश पाहिलेल्या माणसालाच तो हिरवट रंग खटकतो. स्फटिकगतिकीत (स्फटिकातल्या कंपनांच्या अभ्यासात) तसा अनुभव आणि तसं गणित बॉर्न यांच्याकडे जास्त होतं. अंतःप्रेरणेवर किती भरवसा ठेवायचा हे ती कुठल्या क्षेत्रात तयार झाली यावरून ठरवावं.

डॉ_माणगाव

मी रायगड जिल्ह्यात वैद्यकीय व्यवसाय करते. या चर्चेत आमच्याच जिल्ह्यातलं एक नाव यायला हवं: महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर.

सत्तरच्या दशकात ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे जिवावरचं दुखणं. रुग्ण घामाने निथळतो, हातपाय गार पडतात, मग फुफ्फुसात पाणी भरून तोंडाला फेस येतो. गंभीर रुग्णांत मृत्यूचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात होतं. बावस्करांनी रुग्णाजवळ बसून, तासातासाला रक्तदाब-नाडी लिहीत पाहिलं की हे सगळं विषाने शरीरातली ताण-संप्रेरकं एकदम सोडल्यासारखं दिसतंय. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय त्या दाबाविरुद्ध झगडून थकतं. मग त्या वाहिन्या सैल केल्या तर? प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध बरोबर तेच करतं. विंचूदंशासाठी ते कुणी वापरत नव्हतं. १९८६ मध्ये त्यांचं प्राझोसिनवरचं काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. पुढे मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं.

मला इथे पुराव्याबद्दल बोलायचंय. प्राझोसिनसाठी ‘अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना साखरेची गोळी’ अशी चाचणी झाली नाही, आणि होऊही नये असं मी म्हणेन. डोळ्यासमोर इतके जीव वाचत असताना ते कुठल्या तोंडाने करायचं? आधी-नंतरची तुलना तिथे पुरेशी बोलकी होती, कारण फरक प्रचंड होता. पण पुढचा प्रश्न आला तेव्हा तसं चालणार नव्हतं: प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस (विषावरचा उतारा) दिली तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो का? इथे दोन्ही बाजूंचे रुग्ण वाचणारच होते, फरक तासांचा होता, आणि तासांचा फरक नुसत्या नजरेला हवा तसा दिसतो. म्हणून तिथे त्यांनी रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून दोन गटांत तुलना केली. ती २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि दोन्ही औषधं मिळालेले रुग्ण लवकर सावरले.

फरक जितका लहान, तितकी मांडणी कडक हवी. मास्तरांनी सांगितलेल्या ठिणगीच्या उजेडाचंही तेच झालं ना?

भौतिक_मास्तर

अगदी तेच, डॉक्टर. हे उदाहरण मी वर्गात वापरणार. भौतिकशास्त्रातल्या गोष्टी मुलांना लांबच्या वाटतात, विंचू सगळ्यांनी पाहिलेला असतो.

बारावी_सायन्स

सर्वांना नमस्कार. मी विद्यार्थिनी आहे, पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडे प्रयोग म्हणजे उत्तर आधी माहीत असतं, वाचन तेवढं जुळवायचं. अंतःप्रेरणा तयार कशी करायची ते सांगाल का? आणि रामन सरांचा बोटीवरचा प्रयोग मला करता येईल का? निकोल प्रिझम कुठे मिळतं?

प्रकाशवेडा

स्वागत आहे! निकोल प्रिझमची गरज नाही. पोलरॉइड गॉगलची काच किंवा कॅमेऱ्याचा ध्रुवीकरण फिल्टर पुरे. तलाव, धरण, समुद्र, कुठलंही बऱ्यापैकी खोल आणि स्वच्छ पाणी निवड. नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांत येईल अशी उभी राहा (लंबाशी मोजलं तर ५३ अंश). काच डोळ्यापुढे धरून हळूहळू फिरव. एका स्थितीत पृष्ठभागावरची चकाकी जाईल आणि पाण्याच्या आतलं दिसू लागेल, तिथून ९० अंश फिरवलं की चकाकी परत येईल. दोन्ही वेळचा रंग लिही. काठावर मैत्रिणीला उभी कर, एकटी पाण्याजवळ जाऊ नकोस. आणि सूर्याकडे कधीही काच धरून पाहू नकोस.

मात्र काच फिरवण्याआधी वहीत दोन ओळी लिही: रंग फक्त आकाशाचा असेल तर मला काय दिसेल, पाण्याचाही असेल तर काय दिसेल. तलावात शेवाळ असेल तर तिसरी ओळही लागेल. अंतःप्रेरणेबद्दल विचारलंस, तर ती घडवायचा मला माहीत असलेला एकच रस्ता आहे: आधी अंदाज लिहायचा, मग पाहायचं, आणि दोन्ही एकाच पानावर राहू द्यायचं.

रसायनगंध

बारावी_सायन्स, रंग लिहिताना नुसतं ‘निळा’ लिहू नकोस. मोबाइलने दोन्ही स्थितींत फोटो काढ, पण कॅमेऱ्याचं रंग-संतुलन आपोआपवर ठेवू नकोस, नाहीतर फोनच रंग ‘सुधारून’ देईल आणि फरक पुसला जाईल. जमलं तर चौकटीत एक पांढरा कागद येऊ दे.

दर्यावर्दी

माझा ढगाळ दिवसाचा प्रश्न यातून सुटेल असं दिसतंय. पुढच्या महिन्यात बोटीवर रुजू होतोय, ध्रुवीकरण फिल्टर बरोबर घेतो. खोल पाण्यात एकदा स्वच्छ आभाळाखाली आणि एकदा भरून आलेल्या आभाळाखाली पाहीन, पांढऱ्या कागदासकट फोटो काढून इथे टाकीन. अंदाज आत्ताच लिहून ठेवतो: ढगाळ दिवशीसुद्धा फिल्टर बरोबर बसला की करडेपणा जाईल आणि खाली निळंच पाणी दिसेल, फक्त बरंच गडद. तसं नाही दिसलं तर तेही लिहीन.